तिसऱ्या वेळचा आकडा

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग जायला तयार नाही. वाटायचं, माणूस गेलं की राग आपोआप निवतो. कसला निवतोय! तुम्ही फोटोत जाऊन बसलात, हार घालून घेतलात, आणि इथं पुण्यात भांडायला समोर माणूस नाही म्हणून मी एकटीच धुमसते. आज म्हटलं, लिहूनच टाकावं.

बाळापूरला रोडवरचं आपलं गॅरेज, माझ्या लग्नाआधीचा उन्हाळा. पेट्रोल पिऊन मालकाला कंगाल करणारी जुनी जीप तुम्ही भंगाराच्या भावात घेता, तिच्यात डिझेलचं इंजिन बसवता, तरी कुरुंद्याची हळदीची पोती भरली की पुलापुढच्या चढावर ती रडते. आपल्याकडं भंगारातले दोन टर्बो पडलेले. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तुम्हाला ट्रकचा मोठा बसवायचा होता. मी म्हणाले, "आबा, मोठा उशिरा जागा होतो. चढावर ताकद पाहिजे तवा हा झोपलेला राहील." तुम्ही म्हणालात, "लई शहाणी हायेस," आणि पाव्हण्यांच्या लग्नाला निघून गेलात. तुम्ही परत येईपर्यंत मी लहान टर्बो बसवला, तेलाची नळी वाकवून जोडली, डिझेल कमीजास्त करणारा पंपाचा स्क्रू धूर जेमतेम दिसेल इतकाच ठेवला. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. आई रॉकेलनं घासून द्यायची आणि रडायची.

बाजाराच्या दिवशी पोती भरलेली जीप तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढून गेली. एकदाही गिअर पाडावा लागला नाही. लोक जमले. "कुणी बसवलं ओ हे?" आणि तुम्ही, आबा, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चुलतभावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "ह्यानं. पोरगं हुशार हाय." त्याला तेव्हा पाना कोणत्या बाजूनं फिरवायचा हेही कळत नव्हतं! वर मला म्हणालात, "तू काहून उभी हायेस? पाव्हण्यायला चहा टाक." मी चहा टाकला. साखर घातली नाही. तेव्हा हिंमत तेवढीच होती.

आई म्हणायची, "पोरगी इंजिन खोलती म्हणलं तर सोयरीक कोण करंल?" बरं, धरून चालू. पण सोयरीक झाली, मी पुण्याला नांदायला आले, नातवंडं तुमच्या मांडीवर खेळली. मग तरी सांगायचं होतं की एकदा! तुमची जीभ कुणी धरली होती? गॅरेजसुद्धा चुलतभावाच्याच नावावर करून मोकळे झालात.

इकडं मी मोटारींची ताकद वाढवून देणाऱ्या एका गॅरेजात बिलं लिहायला लागले आणि बघता बघता त्यांचा डायनो चालवायला लागले. तुम्ही ते मशीन पाहिलंच नाही. गाडी रोलरवर बांधायची, चाकं जागच्या जागी पळवायची, आणि किती हॉर्सपॉवर ते कॉम्प्युटर रेघ काढून दाखवतो. पोरं येतात, सगळ्यात वरचा आकडा बघतात आणि नाचत जातात. मी त्यांना सांगते, अरे, पहिला आकडा इंजिन तापायच्या आधीचा. लागोपाठ तीनदा पळवा. तिसऱ्यांदा जो टिकेल तो तुमचा.

तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी चुलतभाऊ तीच जीप घेऊन पुण्यातल्या आमच्या शेडच्या दारात. "अक्का, आबाच्या फोटोखाली आकडा लावायचाय. आबानं शेवटी स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं व्हतं. गाडी लई पळून राहिली." पहिल्यांदा अठ्ठ्याहत्तर आले. तो टाळ्या पिटायला लागला. "दे कागद!" मी म्हणाले, "थांब." दुसऱ्यांदा एकाहत्तर. तिसऱ्यांदा चौसष्ट, आणि शेडभर काळा धूर. तुमचं जास्तीचं डिझेल धड जळतच नव्हतं, नुसतं इंजिन तापवत होतं. मग मी स्क्रू माझ्या जुन्या जागी आणला, इंजिन निवू दिलं आणि पुन्हा तीनदा पळवली. बहात्तर, बहात्तर, एकाहत्तर. पेढे वाटावेसे वाटले मला!

तुमची आणि माझी, दोघांच्याही तिसऱ्या रेघा मी एकाच कागदावर काढून त्याच्या हातात दिल्या. तो म्हणाला, "मेलेल्या माणसाशी काहून वैर धरून राहिलीस, अक्का?" मी म्हणाले, "जिवंतपणी त्यांनी सवड कुठं दिली?" कागद तिथंच टाकून तो निघून गेला.

मग मीच तो बाळापूरला नेला. तुमच्या वर्षश्राद्धाला, पंगत उठल्यावर, सगळ्या भावकीच्या देखत तुमच्या फोटोखाली खिळा ठोकला आणि कागद टांगला. आत्यानं कपाळावर हात मारला. "अगं, बापाच्या वर्षश्राद्धाला असं कुणी करतं व्हय?" कुरुंद्याचे हळदवाले मामा, ज्यांची पोती त्या दिवशी जीपमध्ये होती, ते चष्मा लावून जवळ आले. मी बोट ठेवून सांगितलं, इंजिन तापलं की ही रेघ खाली येते, ही जागची हलत नाही.

"ही वरली कुणाची?"

"माझी. टर्बो मी बसवला व्हता, मामा. आबांनी न्हाई अन् ह्यानंबी न्हाई."

चुलतभाऊ मान खाली घालून पत्रावळी उचलत राहिला. मामा म्हणाले, "म्हंजे इतकी वर्षं आमी भलत्याचंच कौतुक करून राहिलो." आबा, ते ऐकून काळजाला असं गार वाटलं म्हणून सांगू! मी तुमच्या फोटोकडं बघून हसले. सगळ्यांसमोर हसले. त्याचा पश्चात्ताप मला नाही, आणि व्हायचाही नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकणार तरी कुठं? पण एक गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. अजूनही एखादं गिऱ्हाईक कागद बघून खूश होतं आणि विचारतं, "मॅडम, गाडी कुणी ट्यून केली?" शेडमध्ये माझ्याशिवाय कुणी नसतं. तरी "मी" म्हणायच्या आधी मी जराशी थांबते, कुणी दुसऱ्याचं नाव घेतंय का म्हणून.