काळी केळी आणि मऊ बिस्किटं

प्रिय सौ.,

मी सुखरूप आहे, लेकही बरी आहे. फोनवर बोललो असतो, पण ती शेजारीच असते, म्हणून पत्र.

आल्या दिवशीच मी ओट्यावरची काळी पडलेली केळी कचऱ्यात टाकली. लेक बघतच राहिली. "बाबा, ती बिस्किटांसाठी मुद्दाम पिकवली होती!" मी ओशाळलो. नवी हिरवी केळी आणून, तू घालतेस तशी, तांदळाच्या डब्यात पिकत घातली.

काल तिने ती कुस्करली, ओट्स मिसळले आणि चपट्या टिकल्या करून ओव्हनमध्ये ठेवल्या. मैदा नाही, साखर नाही! बिस्किटं गार झाली तरी मऊच. म्हटलं, "कच्ची राहिली गं." म्हणाली, "अशीच असतात. त्याला अशीच आवडतात."

सहा आम्ही खाल्ली, सहा तिने जावयांसाठी डब्यात ठेवली. जावई फिरतीवर आहेत म्हणे. कधी येणार विचारलं, तर उठून भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या चुकवू नकोस. ती तुझ्याकडे काही बोलली आहे का? मला तर काहीच उमगत नाही.

तुझा,
घोटाळ्यात पडलेला नवरा

ता. क. माझे कपडे ठेवायला तिने जावयांचा कप्पा दिलाय. अख्खा रिकामा आहे. फिरतीवर जाताना माणूस लग्नातला कोटही नेतो का गं?