मावशीला घरी सोडलं ती वेळ

९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. वहिनीचा फोन आला होता, तुझा खोकला थांबला म्हणाली. मी ठीक आहे, कामावर जाते. घडलं ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

१. २१ जानेवारी, सकाळी १०:१०. आमच्या हॉस्पिटलात मावशीची रुतलेली दाढ काढायला सुरुवात. गुंगीचं इंजेक्शन आणि मॉर्फिन दिलं.
२. १०:४०. श्वास मिनिटाला सहावर. ऑक्सिजन ८४. ओठ निळसर.
३. १०:४२. मास्कने श्वास दिला. नॅलॉक्सोन दिलं, ते मॉर्फिनचा परिणाम उलटवतं.
४. १०:४६. श्वास चौदा. डोळे उघडले. पुढच्या वीस मिनिटांत दाढ निघाली, टाके पडले.
५. ११:४०. घरी सोडण्यात आलं.
६. दुपारी ४:१५. तिला घरी घेऊन गेलेल्या शेजारच्या काकू चहाला हाक मारायला गेल्या. मावशी कॉटवर होती. श्वास नव्हता.

सगळे म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. तूही तेच धरून चाललास. तेराव्यानंतर गावी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, "तू तिथे होतीस, म्हणून मी निर्धास्त होतो गं." मी नुसती मान हलवली.

नॅलॉक्सोन तासाभरात ओसरतं. मॉर्फिन त्याच्या कितीतरी पुढे टिकतं. माणूस शुद्धीवर येतो, हसतो, बोलतो आणि नंतर श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून अशा पेशंटला निदान दोन तास नजरेसमोर ठेवायचं, हा आमच्याकडचा नियम. त्याचा कागद भिंतीवर आहे. तो मीच टाइप केलाय.

पाचव्या मुद्द्यात मी 'सोडण्यात आलं' लिहिलं. मी सोडलं. डिस्चार्जच्या फॉर्मवर मात्र १२:५० आहे. तेही मीच लिहिलं. डॉक्टर पुढच्या ऑपरेशनला गेले होते, त्यांनी संध्याकाळी खाली सही केली.

का, ते तू विचारशील. कामाची गर्दी नव्हती. बाकीच्या कॉट रिकाम्याच होत्या.

मला त्या रिकव्हरी रूमची प्रमुख करून आठवडा झाला होता. मावशी जागी झाली ती एकदम खुशीत. तोंडात कापसाचा बोळा, तरी बडबड चालू. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "काय आजी, बरं वाटतंय ना?"

"आजी कोणाला म्हणतोस रे? एकतीस दात शाबूत आहेत अजून!"

सिस्टर हसल्या. मग तिला चेवच चढला. "ही आमची ठमी बरं का. आता मोठी आलीय मला सुया टोचणारी! दहावीत होती तरी पाल दिसली की किंचाळत माझ्या कुशीत."

"मावशी, हळू बोल."

"का गं? लाज वाटते माझी?"

"नाही."

वाटत होती, दादा. माझी आई गेल्यावर जिने मला तुझ्याबरोबरीने वाढवलं, तिची मला चार सिस्टरांसमोर लाज वाटली. ती म्हणाली, "मग सोड की घरी, इथे पडून काय करू?" मला तेवढं निमित्त पुरलं. काकूंना बोलावलं. श्वास मोजला, बारा भरला. तो चांगला आकडा आहे. त्या क्षणापुरता.

येत्या शुक्रवारी अकरा वाजता चौकशी समिती बसते आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नकोस, तुझी नोंद चोख आहे." चोख आहे म्हणूनच कोणी काही विचारणार नाही. मी तिथे खरी वेळ सांगणार आहे. नोकरी जाईल, बहुधा परवानाही. ते मी धरून चालले आहे. पण तुझ्या आईचं काय झालं हे तुला समितीच्या कागदावरून कळू नये, म्हणून आधी लिहिलं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढाही भार तुझ्यावर टाकायचा मला हक्क नाही.

समितीसमोर नातेवाईकांना बसता येतं. तू येणार असशील तर मी तुझं नाव देते. मी तिथे असताना तुला यायचं नसेल, तर मी माझं सांगून आधी निघून जाईन. दोन्हींपैकी काय, ते गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळव.

'तुझी' लिहायचं की नाही, ते तू ठरवेपर्यंत नुसती,
धाकटी