पोचा काढलेली ताटली

८ नोव्हेंबर
आज घरात आलं: तूरडाळ एक किलो, १६०. देवाला तुळशीहार, १०. योगिता, लॅबमधून, बुधवारपर्यंत. तिच्या पिशवीत ॲल्युमिनियमची जाड ताटली, फुकट. पुढून खड्डा, मागून फुगा.

म्हणाली, आई, हिला हात लावू नकोस, माझी पीएचडी हिच्यावर आहे. मोहरीएवढा मणी तोफेतून असा मारला, की सेकंदात आपल्या डिंडोलीहून पाच-सहा किलोमीटरवरच्या बमरोलीला पोचेल. त्यानं खड्डा पडला, आणि धक्क्याची लाट आत जाऊन मागे फुगा आला.

मॅट्रिक आहे मी. मोहरीनं फोडणी होते, खड्डा नाही. पोरीच्या हातून लॅबचं भांडं पडलं, उघड आहे. बुधवारी साहेबांना दाखवायचंय. धड जेवलीसुद्धा नाही.

मीच सोडवणार. तिला पत्ता लागू देणार नाही.

९ नोव्हेंबर, दुपार
योगिता मैत्रिणीकडे. देवानं राघो तांबट दारात पाठवला. एरंडोलचा, आमच्याच गावचा, उद्या परत निघणार. त्यानं फुगा ठोकून बसवला, खड्डा भरला, कड कानसली, घासून आरशासारखी लख्ख केली. साठ मागितले, चाळीस दिले. पोचा आलेलं भांडं घरात अवदसा आणतं. आता साहेब बढती देतील.

संध्याकाळ
यांनी ताटली पाहिली. म्हणाले, तुना हातमा चांद दिना तरी तू त्याले कल्हई करशी. कौतुकच ते.

जेवताना योगिता सांगत होती, तोफेवर पाळी मिळायला वर्ष गेलं. खड्डा किती खोल, फुगा किती उंच, तेवढंच मोजायचं राहिलंय.
घास अडकला. डाळीत खडा असेल.

११ नोव्हेंबर
पिशवीजवळून हलता येत नाही. योगिता तिकडे वळली की मी चहा टाकते. दूध संपलं. आणायला जाता येत नाही.

१२ नोव्हेंबर, एकादशी
मौन धरलं. भक्तीनं, दुसरं कारण नाही. योगितानं विचारलं, आई, पिशवी देवघरात कशी? मी देवाकडे बोट दाखवलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ
योगितानं पिशवी उघडली. ताटलीत तिला स्वतःचं तोंड दिसलं. एवढंच म्हणाली, आई, आता परत पाळी कोण देणार मला?

उंबऱ्यावर बसलीय. राघोला पत्र टाकायचंय, पण लेकीला ओलांडून पोस्टात कशी जाऊ? राघोकडे मोबाईल नाही. मजकूर इथे लिहून ठेवते.

राघोदादा, नमस्कार. काम छान झालं. फक्त होता तसा खड्डा आणि मागचा फुगा परत घालून मिळेल का? मोहरी मी देईन. उलट टपाली कळवावे.