मापात कमी पडलेली गोधडी

८ जानेवारी २०१७, सकाळी ७.१०
आजपासून व्यवसाय. इराने माझ्या फोनवर विक्रीचं ॲप टाकून दिलं. उल्का गेली त्याला परवा दहा महिने झाले. तिने शिवलेल्या अकरा गोधड्या मधल्या खोलीच्या कपाटात आहेत. मुलीचं, इराचं म्हणणं, बाबा दिवसभर त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसतात, हे बरं नाही. मी तिथे पेपर वाचतो. तिथे उजेड चांगला येतो.
संकल्प : मेअखेर कपाट रिकामं. भावनेला थारा नाही. अठ्ठावीस वर्षं ऑडिटमध्ये काढली आहेत.
इरा म्हणाली, ॲपवर काही टाकायच्या आधी मला यादी दाखवा. दाखवणार नाही. दुकानाचा मालक एकच असतो.

१० जानेवारी
दुकानाचे नियम लिहिले. नियम १ : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. नियम २ : नियम १ पुन्हा वाचावा. जावई सारंग म्हणाला, गिऱ्हाइकं घाबरतील. घाबरू देत.
माल : मोठ्या दहा. अकरावी लहान, जांभळ्या इरकलीची, जेमतेम दोन हात. हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू असताना शिवलेली. अंगात ताकद उरली नव्हती बिचारीच्या, मापात कमी पडली. ती सगळ्यात खाली ठेवली. बघवत नाही. म्हणजे, सदोष माल शेवटी काढायचा असतो, म्हणून.

२९ जानेवारी
विक्री नाही. सारंगचं मत : सिंगापूरच्या उकाड्यात गोधडी कोण घेणार. त्याला मार्केट कळत नाही. आमच्या बुकित बातोकमध्ये लोक एसी अठरावर लावतात आणि मग कुडकुडतात.

१५ फेब्रुवारी
ॲपचा मेल. १ मार्चपासून प्रत्येक विक्रेत्याने सात दिवसांत आलेला माल परत घेतलाच पाहिजे. माझा नियम १ मला न विचारता पुसून टाकला. निषेधाचं पत्र लिहिलं. दोन पानं.

३ मार्च
पहिली विक्री! पार्सल बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. दोन तास गेले. पॅकिंगमध्ये हयगय नको.

९ मार्च
परत आली. कारण : कोपऱ्यात काहीतरी कडक लागतं, किडे असावेत. किडे! शेवटचा कोपरा बंद करताना उल्का आत चिमूटभर तांदूळ घालायची. सोलापूरच्या मावशीची शिकवण. गोधडीचं पोट रिकामं ठेवायचं नाही, म्हणजे पांघरणाराचं भरलेलं राहतं. आता हे ॲपच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?
परत आलेला माल तपासणं विक्रेत्याचं कर्तव्य. दुपारी अंगावर घेऊन तपासला. तीन तास गाढ झोप लागली. कित्येक महिन्यांत अशी लागली नव्हती. माल उत्तम.

२ एप्रिल
नियम पुन्हा बदलला. मुदत आता पंधरा दिवस आणि कारण दिलंच पाहिजे असं नाही. याला धंदा म्हणतात? पत्र क्रमांक दोन.

२० एप्रिल
आणखी चार परत. ‘फार जड.’ ‘फोटोतला रंग वेगळा.’ एकाने कारण दिलं नाही. चौथी एका कॉलेजातल्या मुलीची, तिने लिहिलंय : कोणाच्या तरी घराचा वास येतो.
कपाट उघडून वास घेतला. सगळ्या गोधड्यांचा घेतला. मला येत नाही. त्या मुलीला येतो आणि मला येत नाही.

२३ एप्रिल
इरा जेवायला आली. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, बाबा, यू डोन्ट वॉन्ट टू सेल देन डोन्ट सेल लाह. काहीतरीच. मी वर्णनात फक्त खरं ते लिहितो : जुनी आहे, जड आहे, डांबराच्या गोळ्यांचा वास आहे, पसंत नसल्यास निःसंकोच परत पाठवावी. धंद्यात सचोटी लागते.

१२ मे
मुदत तीस दिवस! आता कहर झाला. पत्र क्रमांक तीन. ‘वापरलेल्या कापडाच्या वस्तू परत घेणे हे आरोग्यास घातक असून, विक्रेत्यावर अन्याय करणारे आहे.’ इंग्रजीत याहून झकास उतरलंय. कलमं, उपकलमं. बऱ्याच दिवसांनी हात मोकळा झाला.
एक गोष्ट फक्त इथे लिहितो. दारात पार्सलवाला आला की बरं वाटतं. काहीतरी परत आलेलं असतं.

२८ मे, रविवार
विकल्या दहा, परत आल्या दहा. इराने हसून विचारलं, मग कपाट किती रिकामं झालं? लागलं मनाला. मला जमत नाही असं तिला वाटतं.
जांभळी काढली. फोटो घेतले, तीन बाद झाले. वर्णन : माप कमी. इराला एवढ्यात सांगणार नाही. जोखीम काहीच नाही. तीस दिवस आहेत. सगळ्या येतात तशी हीही येईल.

३० मे, सकाळी १०
शहराच्या पार पूर्वेकडच्या, टॅम्पिनीसच्या एका बाईंनी घेतली. मापाबद्दल चकार शब्द विचारला नाही. पोस्टात काउंटरवर पार्सल दिलं आणि पत्ता तपासायला परत मागितलं. मग पुन्हा एकदा मागितलं. काउंटरवरची म्हणाली, अंकल, सेंडिंग ऑर नॉट?
पाठवलं.

१५ जून
विजय! ॲपचा मेल : विक्रेत्यांच्या सूचनांचा विचार करून, वापरलेल्या कापडाच्या वस्तू आजपासून परत घेतल्या जाणार नाहीत. अगोदरच्या ऑर्डरींनाही लागू. मेलमध्ये माझ्या तिसऱ्या पत्रातलं वाक्य जसंच्या तसं उचललंय, स्वल्पविरामासकट. सारंगचा अभिनंदनाचा फोन आला.
हॉकर सेंटरमधल्या टपरीवर जाऊन कॉफी घेतली. पूर्ण संपवली नाही. टॅम्पिनीसची ऑर्डरही ‘अगोदरच्या’त येते का, हे मेल उघडून चारदा वाचलं. येते.

१ जुलै, शनिवार
इरा आणि सारंग जुरोंग ईस्टहून अचानक आले. इराला तिसरा महिना आहे. मी आजोबा होणार. तिचा हात धरून बसलो. उल्का हवी होती.
मग इरा म्हणाली, बाबा, आता ती जांभळी काढा. आईने बाळासाठी शिवलेली. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा शिवायला घेतली, आणि म्हणाली, वेळ आली की खालच्या कप्प्यातून घे. बाबांना सांगू नकोस, ते आत्तापासून महिने मोजत बसतील.
लहान होती कारण लहानासाठी होती. मापात कुठेही कमी नव्हती.
मी म्हणालो, वर कुठेतरी ठेवली आहे, शोधून ठेवतो, पुढच्या रविवारी ने.

३ जुलै
ॲपवर विनंती टाकली. उत्तर आलं : ही वस्तू परत करता येत नाही. खाली कारण म्हणून माझंच वाक्य.

५ जुलै
टॅम्पिनीसच्या बाईंना थेट लिहिलं. दुप्पट किंमत देतो म्हणालो. फार सज्जन बाई. लिहितात, सॉरी अंकल, मुलगा सहा आठवड्यांचा आहे, या गोधडीशिवाय झोपत नाही. तिचा कोपरा मुठीत धरतो. त्या कोपऱ्यात काय आहे, असंही विचारलंय. फोटो बघताक्षणीच त्यांना कळलं होतं म्हणे, की ही बाळासाठी आहे.
फोटोवरून कळलं. मी उल्काच्या शेजारी बसून ती शिवताना पाहिली होती.

९ जुलै, रविवार
इराला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कपाटासमोरच्या खुर्चीत जाऊन बसली. म्हणाली, बाबा, मला वाटलं होतं ती तरी तुमच्याच्याने विकवणार नाही. मग रडली. मीही रडलो. यादी दाखवली असती तर.
संकल्प : एका मोठीतून बाळापुरती कापून घ्यायची. कात्री आणली. एक टोक तिने धरलं, एक मी. कुठून कापायचं यावर बोलणं झालं. तिच्या टोकाला तांदूळ लागले. ती ते बोटांनी चाचपत राहिली. कात्री तशीच ठेवली. दहाच्या दहा घड्या घालून आत ठेवल्या.
टॅम्पिनीसच्या बाईंना उत्तर लिहिलं : तांदूळ आहेत. काढू नका. बाळाचं पोट भरलेलं राहतं.
ॲपवरचं दुकान बंद केलं.
जाताना इराने खुर्ची हलवली नाही.