विंगेतलं स्टूल

३ तारीख, सोमवार

नव्या नाटकाची तालीम सुरू. आमच्या शंभर खुर्च्यांच्या थिएटरात फक्त नवीकोरी नाटकं होतात. म्हणजे वाक्यं धड पाठ व्हायच्या आत पडदा वर जातो. म्हणून तर प्रॉम्प्टरशिवाय, म्हणजे माझ्याशिवाय, चालत नाही. एकतीस वर्षं विंगेत स्टुलावर बसतेय, स्क्रिप्ट मांडीवर. यंदाची दिग्दर्शिका जेमतेम तिशीची. म्हणाली, प्रॉम्प्टिंग जरा कमी करू या. शिकेल हळूहळू.

९ तारीख, रविवार

दुसऱ्या अंकात मुलगा विचारतो, "बाबा, आईला शेवटी काय म्हणालात?" आणि बापाचं काम करणारा नट शुंभासारखा गप्प. मी ताबडतोब वाक्य दिलं, "काही नाही." तालीम थांबली. दिग्दर्शिका माझ्यापाशी आली.

"मावशी, तो विसरला नाहीये. तिथे पॉज आहे."

आमच्या वेळी त्याला विसरणंच म्हणत.

१४ तारीख, शुक्रवार

आज पुन्हा त्याच पॉजला माझ्या तोंडून वाक्य निसटलं. नटाने माझ्याकडे पाहिलं, कृतज्ञतेनेच असावं. दिग्दर्शिकेने बजावलं की प्रयोगात असं झालं तर विंगेत बसता येणार नाही. घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, झोपेतसुद्धा तू दुसऱ्यांचीच वाक्यं बोलतेस. कौतुकच केलं म्हणायचं.

संकल्प: पॉजमध्ये तोंड उघडायचं नाही. जगबुडी आली तरी.

२२ तारीख, शनिवार. पहिला प्रयोग

पॉज आला. मी तोंडावर हात दाबून धरला. दहा मोजले. वीस. नटाने विंगेकडे पाहिलं. कपाळावर घाम. या खेपेला खरंच विसरला होता. वाक्य माझ्या जिभेवर होतं. दिलं नाही. शेवटी तो पाठ फिरवून तसाच आत आला.

प्रेक्षकांत कुणीतरी हुंदका दिला. मग टाळ्या, थांबेचनात.

प्रयोगानंतर दिग्दर्शिकेने ते "काही नाही" नाटकातूनच काढून टाकलं. मग माझा हात हातात घेतला. "मावशी, उद्यापासून समोर बसा. निवांत बघा नाटक."

मानाची जागा दिली पोरीने.

२३ तारीख, रविवार

तिसरी रांग, मऊ खुर्ची. एकतीस वर्षं सगळे नट मी एकाच बाजूने पाहिले. बापाचं काम करणाऱ्याच्या दुसऱ्या गालावर तीळ आहे, आज कळलं.

ठरवून बसले होते की अडला तर नुसते ओठ हलवून दाखवीन. एकदाही अडला नाही.

मी शेवटपर्यंत वाट बघत होते.