हजेरीचं पान

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. कोकिळामावशीस,
तृप्तीचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. बाबांचा खोकला उतरला. आमच्या गल्लीत नळ आता एक दिवसाआड येतो, त्यामुळे सकाळ सगळी भांडी भरण्यात जाते. तुझ्या सुनेला, वैशालीला, लोहाच्या गोळ्या सोडू देऊ नकोस, महिनाभर तरी घेऊ दे. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला.

तुला आणि आणखी तिघींना केळी भरायच्या पॅकहाऊसवर ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणाले, हे मला तुझ्या समोरच्या मालूबाईकडून कळलं. तू स्वतः सांगितलं नाहीस याचं वाईट वाटलं, पण रागावायचा हक्क तुझाच आहे. आमच्या बैठकीत बोल, बोल असा आग्रह मीच धरला होता.

मावशी, आमच्या संस्थेचं कामच ते आहे. आपली केळी परदेशात घेणाऱ्या कंपनीनेच आम्हाला पाठवलं होतं. माल भरणाऱ्या बायांना काय सोसावं लागतं ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि आम्हाला सांगा, म्हणजे आम्ही सुधारणा करू, असं त्यांनी लिहून दिलं होतं. तू सांगितलंस तेव्हा मांडवात एक बाई हलली नाही. औषधाच्या पाण्यात केळ्यांच्या फण्या धुऊन हाताची सालं निघतात, हातमोजे फक्त साहेब लोक येणार त्या दिवशी मिळतात. आणि वैशाली सातव्या महिन्यात त्या धुण्याच्या टाक्यापाशी चक्कर येऊन पडली, बाळ गेलं, तर मॅनेजरने दवाखान्यात आधीच सांगून ठेवलं की घरी पडली. हे सगळं मी शब्दन् शब्द लिहून पुण्याच्या आमच्या ऑफिसला पाठवलं.

तुमची नावं बाहेर कशी गेली ते कळत नाही. ऑफिसात चौकशी चालू आहे. कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरून गेली असतील. कंपनीची माणसं लवकरच येतील आणि तुम्हा चौघींना परत घ्यायला लावतील. थोडा धीर धर.

तुझी,
तृप्ती


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
३ एप्रिल २०२५

मावशी,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

पाडव्याला मी फोपनारला आले. गल्लीत सगळ्यांच्या दारी गुढ्या होत्या, तुझ्या दारी नव्हती. वैशालीने पाणी दिलं आणि माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाली, “ताई, हापशीवर गेलं की बाया माझी कळशी बाजूला सरकवतात. म्हणतात, तुझ्या सासूच्या तोंडामुळे सगळ्यांचं काम गेलं.” मालूबाई समोरच्या ओट्यावरून मुद्दाम मोठ्याने म्हणाली, “जिला बोलायची हौस होती तिचं काय, एकशे चाळीस घरं बसली ना!”

तू तिच्याकडे पाहिलंही नाहीस. भिंतीकडे तोंड करून डाळ निवडत होतीस. मग एवढंच विचारलंस, “तृप्ती, तू तर कुणाला काही दिलं नाहीस ना?”

मी म्हणाले, “नाही गं मावशी.”

तू मान हलवलीस. विश्वास ठेवलास. परतीच्या बसमध्ये मला शाहपूर आलेलं कळलं नाही.

मी दिलं, मावशी. नावं मी दिली.

बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी मॅनेजर योगेंद्रजींचा फोन आला. “मॅडम, नाश्ता हमारी तरफ से था ना, तो हजेरी का पन्ना डाल दीजिए. बस फॉर्मॅलिटी है.” मी पानाचा फोटो काढला. तेवीस बायांच्या सह्या आणि अंगठे. पण चौघींच्या नावापुढे मी पेन्सिलने खुणा केल्या होत्या. कोण हातांचं बोललं, कोण संडासाच्या कुलपाचं. तुझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘सून, बाळ.’ फोटोत ते सगळं स्वच्छ दिसत होतं. पाठवायच्या आधी मी पाहिलं होतं. न पाहता गेलं असतं तर चूक म्हटली असती.

आमच्या संस्थेच्या ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बोलणाऱ्याचं नाव कारखान्याच्या हाती कधीही द्यायचं नाही. मी तेच तुला सांगितलं. आईची शपथ घेऊन सांगितलं. पण योगेंद्रजी त्याआधी म्हणाले होते की कंपनी इथे गावांशी बोलायला एक कायमचा माणूस नेमणार आहे आणि त्यांनी माझं नाव सुचवलंय. नाही म्हटलं तर ते बिथरतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला ती नोकरी हवी होती, मावशी. बुऱ्हाणपूर सोडावं लागणार नव्हतं. दुसरं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

तुम्हाला काढल्यावर आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या रजनी मॅडमनी परदेशी कंपनीला कळवलं. मला वाटलं, आता ते इथे येतील, मॅनेजरला जाब विचारतील, तुम्हाला परत घ्यायला लावतील. त्यांनी काय केलं? माल घेणंच बंद केलं. आठ दिवसांत पॅकहाऊसला टाळं. आपल्या नावाला डाग नको म्हणून ते निघून गेले, आणि डाग तुझ्या दाराला लागला.

सोमवारी मी सगळं लिहून काढलं, खाली सही केली आणि रजनी मॅडमना व त्या कंपनीला पाठवलं. तुम्ही ऐकायला आला होतात, ऐकून पळू नका, परत या, बायांना काम द्या, वैशालीच्या बाळाचं खरं कागदावर येऊ द्या, असं लिहिलं. मॅडमचा लगेच फोन. “तृप्ती, हे मागे घे. संस्थेवर कुणी विश्वास ठेवणार नाही. पुढच्या दहा गावांचं काम बुडेल.” मी म्हटलं, “मॅडम, फोपनारचं बुडालंय.” मग म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. कंपनीचं दोन ओळींचं उत्तर काल आलं. त्या पुरवठादाराशी आमचा आता संबंध नाही, तुम्हाला शुभेच्छा.

आता कुणाला लिहू? मला खरंच सुचत नाही. लेबर ऑफिसात गेले, तर म्हणाले की बायांनी स्वतः अर्ज द्यावा. आणि माझ्या शब्दावर आता कोणती बाई सही करेल?

तरी एक गोष्ट अजून माझ्या हातात आहे. बुधवारी, नऊ तारखेला, दुपारी मी फोपनारला येते. पंचायतीसमोरच्या पारावर बायांना बोलावणं पाठवलंय. हे जे तुला लिहिलं ते तिथे उभी राहून सांगणार. कोकिळाबाई खरं बोलली आणि तिला मी विकलं, एवढं तरी सगळ्यांना कळू दे. त्याने कुणाचं काम परत येणार नाही, ते मला ठाऊक आहे. मला बोलू दिलं नाही तर हे पत्र वैशालीकडून वाचून घे. मालूबाईला पहिल्यांदा ऐकव.

त्या दिवशी त्या मला काय करतील ते करोत. तू मध्ये पडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, ओरडा ऐकलास की धावत येशील. येऊ नकोस. बायांना वाटेल आपण दोघी सामील होतो. मी तुझ्या दारावरून गेले तरी हाक मारू नकोस, आणि मी रडत आले तरी कडी काढू नकोस.

तुझ्या बहिणीची मुलगी,
तृप्ती