भांडायला फार शांत गाव

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालते आहे. खरा घातला तर मला उठवायला माणूस लागेल, आणि इथे आहे तो सध्या रुसलेला आहे.) तुमची कंबर कशी आहे? शेक घेताय ना, की पिशवी नुसती उशाशी ठेवून झोपताय? आम्ही खुशाल आहोत. फोन सोडून पत्र का लिहिते आहे, ते पुढे कळेलच.

आधी गावाबद्दल सांगते, कारण तुम्हीच हट्टाने आम्हाला इथे धाडलंत आणि तुमचं कौतुक करायची संधी मला क्वचित मिळते. वन्सं, गाव अगदी दृष्ट लागण्यासारखं आहे. दगडी पायऱ्या जाण्यायेण्याने मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात. गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि तेवढ्यात एकमेकांच्या तब्येतीची चौकशी उरकून घ्यायची. किल्ल्याच्या तटावर गवत माजलंय, खाली जुन्या तोफा आडव्या पडल्यात आणि त्यांच्यावर लोक टॉवेल वाळत घालतात. (तोफेचा याहून बरा उपयोग मला तरी सुचत नाही.) ओहोटी लागली की ओली वाळू लांबवर उघडी पडते, इतकी स्वच्छ की चप्पल घालून चालायचा संकोच वाटतो. मी तर हातात घेऊन चालते. तुमचे बंधू घालूनच चालतात, ते असो.

नडली ती शांतता. आम्ही आलो कशाला, तर घर विकून मुलाकडे कायमचं राहायला जायचं की नाही याचा निकाल लावायला. घरी विषय काढला की भांडण होतं, म्हणून 'शांत जागी बसून बोला' हे तुमचंच म्हणणं. त्याप्रमाणे पहिल्याच संध्याकाळी बसलो. मला जायचंय. नातवाला रोज मांडीवर झोपवायची हौस आहे, ती काही फोनवरून भागत नाही. यांना जायचं नाही, आणि कारण विचारावं तर म्हणे तिकडचं पाणी जड, तिकडच्या खुर्च्या मऊ, तिकडे दाढीचा आरसा उंचावर. आरसा खाली घेता येईल म्हटलं, तर म्हणाले, प्रश्न आरशाचा नाहीच. मग माझाही तोल सुटला. काय बोलले ते तुमच्या कानावर घालत नाही, त्यात तुमच्या माहेरचा उद्धार होता.

आमची खोली पाववालीच्या दुकानावर आहे, घरमालकीणही तीच. सकाळी पाव घ्यायला खाली उतरले, तर पुडकं बांधता बांधता ती म्हणाली, 'काकू, आरसा उंच असेल तर काकांना स्टूल द्या की.' मी थिजलेच. पुढे गल्लीत एका अनोळखी म्हाताऱ्याने मला थांबवून सांगितलं की मऊ खुर्चीने पाठ धरते, हे यांचं म्हणणं अगदी खरं. भिंतींना कान असतात हे आपण ऐकून आहोत. इथल्या भिंतींना मतंही आहेत. दुपारपर्यंत बायका माझ्या बाजूला, पुरुष यांच्या बाजूला, अशी सरळ वाटणी झाली. होड्या दुरुस्त करणारा सुतार तेवढा कुणाच्याच बाजूचा नाही. (त्याचं लग्न झालेलं नाही, म्हणून परवडत असेल.) आम्ही कुजबुजत भांडूनही पाहिलं, पण त्याने भांडणाला जोर येत नाही. आता कळलं ना, फोन का केला नाही ते?

काल वारा पडला होता. हे रुसून पलीकडच्या धक्क्यावर त्या सुताराशेजारी जाऊन बसले, मी रुसून अलीकडे तटावर. मध्ये नुसतं पाणी. पाण्यावरून आवाज एवढा लांब येतो हे मला ठाऊक नव्हतं, यांनाही नव्हतं. सुताराने विचारलं, 'काका, खरं कारण काय?' आणि वन्सं, मला इतके महिने ताकास तूर लागू दिली नाही, ते त्या परक्या माणसापुढे भडाभडा बोलले. म्हणाले, 'अरे, मुलाकडे गेलो की आम्ही दोघंही पाहुणे. ही सुनेशी गोड बोलेल, मुलाशी गोड बोलेल, आणि सवय लागली की माझ्याशीही गोड बोलायला लागेल. मग माझं कोण राहिलं?' सुताराचं ठोकणं थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं.

मला हसू आलं. संध्याकाळी हे चपलेला वाळू घेऊन खोलीत आले, तेव्हा मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. त्या रात्री हे पोटभर जेवले.

बाकी क्षेम. तुम्ही मोठ्या आहात, तेव्हा हट्ट सोडून मुलाकडे चल म्हणून भावाला एक खरमरीत पत्र टाका. ते मला वाचून दाखवतील असं लिहा.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. : ते पत्र नुसतं दाखवायला. खरं काम वेगळंच आहे. मुलाला तुम्ही परस्पर कळवा की आई नाही म्हणते, तिच्या गुडघ्यांना तिथले जिने झेपणार नाहीत. यांचं नाव कुठे येऊ देऊ नका. मी आणखी थोडे दिवस 'जाऊ या' म्हणून भांडेन आणि मग हरेन. लगेच हरले तर यांना संशय येईल.

ता. क. २ : आत्ता पाववाली जिना चढून वर आली आणि दारातूनच हळू आवाजात विचारून गेली, 'काकू, मग नाहीच ना जायचं?' वन्सं, मी अवाक्षर काढलं नव्हतं. वरचं लिहिताना एकदा नाक ओढलं असेन, तेवढंच.